‘या देशाला लोकशाही झेपत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गेली काही वर्षं एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतोय. निवडणूक जाहीर झाली, आमदार फुटले, रस्त्यांना खड्डे पडले की तो हमखास पुन्हा येतो. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच असतो: एवढ्या भाषा, जाती, धर्म असलेल्या देशाला लोकशाही झेपत नाही. अडाणी माणसं पाचशे रुपयांत मत विकतात. चीन बघा, सिंगापूर बघा. आपल्यालाही दहा वर्षं निवडणुका बंद ठेवून एक खमका माणूस हवा.

हे पुढे पाठवणारे माझ्या नात्यातले, शेजारचे, सरळमार्गी लोक आहेत. त्यांचा वैताग खरा आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष घातक आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘भाषा एक असती तर देश एकसंध राहिला असता.’

हा प्रयोग आपल्या दोन शेजाऱ्यांनी करून पाहिला. पाकिस्तानने उर्दूचाच हट्ट धरला. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगालीसाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथून वाढत गेलेल्या दुराव्याचा शेवट १९७१ मध्ये देश फुटण्यात झाला. श्रीलंकेने १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा केली. तिथल्या तमिळांची नाराजी साचत गेली आणि १९८३ ते २००९ अशी पाव शतकाची यादवी त्या देशाने भोगली.

त्याच १९५६ मध्ये भारतात भाषेच्या पायावर राज्यांची फेररचना झाली. आपल्या वाट्याला ती सुखासुखी आली नाही. मुंबईसह महाराष्ट्र नाकारला गेला, गोळीबार झाले, १०६ जणांचे जीव गेले. हुतात्मा चौकातून जाताना तो हिशेब विसरता येत नाही. पण पुढच्याच वर्षी, १९५७ च्या निवडणुकीत, पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झोळीत भरभरून मतं टाकली. दिल्लीला आपला निर्णय फिरवावा लागला आणि १ मे १९६० उजाडला. बेळगावचा प्रश्न मात्र अजून लोंबकळतो आहे. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तिथल्या मराठी माणसाला त्याचा किती जाच होतो हे आपण जाणतो.

मराठी माणसाने आठवावं असं दुसरं उदाहरण गोव्याचं आहे, कारण तिथे आपली बाजू हरली. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांना विचारण्यात आलं: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं? विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष तेव्हा सत्तेत होता. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली.

नंतर जे घडलं ते मला त्या आकड्याहून मोलाचं वाटतं. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. विलीनीकरण नको, पण कूळ-मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर असणाऱ्या गरिबांच्या, बाजूने उभा राहणारा माणूस हवा, असा दुहेरी निवाडा त्यांनी दिला. हरलेल्या पक्षाला राजकारणातून उठावं लागलं नाही आणि महाराष्ट्रानेही तो कौल मानला.

मिझोरामची गोष्ट याहून टोकाची आहे. १९६६ मध्ये लालडेंगांच्या मिझो नॅशनल फ्रंटने सशस्त्र उठाव केला आणि मार्चमध्ये भारताच्या हवाई दलाने भारतातल्याच ऐझॉलवर बॉम्ब टाकले. ही लाजेची गोष्ट आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. वीस वर्षांनी, ३० जून १९८६ रोजी, करार झाला आणि तेच लालडेंगा मुख्यमंत्री झाले. पुढे १९८९ ची निवडणूक ते हरले. त्यांच्या पक्षाने पुन्हा बंदुका उचलल्या नाहीत. तो विरोधात बसला आणि १९९८ मध्ये मतांवर सत्तेत परतला.

संदेश लिहिणाऱ्याच्या ध्यानात न आलेली गोष्ट ती हीच. इतक्या परीच्या माणसांचा देश चालतो, कारण इथे हरणाऱ्याला पुढची पाळी असते. आणीबाणीत विरोधकांना तुरुंगात टाकणाऱ्या इंदिरा गांधी मार्च १९७७ मध्ये रायबरेलीत स्वतः पडल्या, पायउतार झाल्या आणि १९८० मध्ये मतं मागूनच परत आल्या. पुढची पाळी आहे असा भरवसा जिथे उरत नाही, तिथे माणसं वेगळी वाट शोधतात.

‘अडाणी मतदार मत विकतो.’

पैसे वाटले जातात, हे खरं. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत काय चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घेतलेला पैसा आणि दाबलेलं बटण यांत पडदा असतो, आणि पैसे वाटूनही पडलेले उमेदवार प्रत्येक जिल्ह्यात सापडतील.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी ठेवून तिच्यावर चिन्ह लावलं. लाखो स्त्रियांनी यादीत स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. सेन यांनी अशा सुमारे २८ लाख नोंदी काढून टाकायला लावल्या. त्या वेळी तो निर्णय कठोर वाटला असेल, पण बाईला तिच्या नावानेच मत मिळेल हे त्यातून ठरलं. २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकांत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांच्या किंचित पुढे होती.

आणि शिकलेल्यांचं काय? २०२४ मध्ये दक्षिण मुंबईत सुमारे ५० टक्के मतदान झालं. गडचिरोली-चिमूरमध्ये, जिथे नक्षलवाद्यांच्या धाकामुळे अनेक केंद्रांवर दुपारी तीनलाच मतदान थांबवावं लागलं, ते ७२ टक्क्यांच्या आसपास होतं.

‘चीन बघा, सिंगापूर बघा.’

सिंगापूर आकाराने बृहन्मुंबईहून थोडंच मोठं आहे आणि त्याच्या अधिकृत भाषा चार आहेत, त्यांत तमिळही आली. त्याची बरोबरी भारताशी होत नाही, एवढं पुरे.

चीनचं जरा सविस्तर बोलायला हवं. त्यांनी कारखाने, रेल्वे, बंदरं उभी केली, ते वादातीत आहे. पण १९५९ ते १९६१ या काळात त्याच पद्धतीने कोट्यवधी माणसं भुकेने मेली, कारण खालचे अधिकारी पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवत राहिले आणि ‘हे खोटं आहे’ म्हणणारं वर्तमानपत्र किंवा विरोधी पक्ष तिथे नव्हता.

आता आपला १९७२ चा दुष्काळ आठवा. जुन्या पिढीला तो मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळी कामांवर वाटलं जाणारं पूरक अन्न) यांच्यासकट आठवतो. त्याआधी सलग दोन वर्षं पाऊस दगा देत होता. विधिमंडळात रोज प्रश्न विचारले जात होते, गावोगावी मोर्चे निघत होते. लाखो माणसं सरकारी कामांवर खडी फोडत, पाझर तलाव खणत होती. हाल झाले, ढोरं गेली, पण चीनसारखी माणसं मेली नाहीत. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी योजना याच रेट्यातून राज्यभर गेली आणि तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. पगाराच्या चिठ्ठीत दरमहा कापले जाणारे दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, ते त्याच कराचे. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या मजुराला काम द्यायचं, हे निवडून आलेल्या सभागृहाने ठरवलं. पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा झाला त्याची वाट इथूनच गेली. मेळघाटातलं कुपोषण तरीही संपलेलं नाही. दुष्काळ डोळ्यांत भरतो, रोजची उपासमार भरत नाही, आणि ही आपल्या लोकशाहीची मोठी उणीव आहे.

‘दहा वर्षं निवडणुका नकोत.’

या मुद्द्यासाठी परदेशी जायला नको. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या कज्ज्यात निवडणूक अडकली आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाने कारभार पाहिला. पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे यांचीही तीच गत झाली. म्हणजे संदेशाला हवी तशी व्यवस्था आपण वापरून पाहिली: निवडून आलेलं सभागृह नाही, वाद नाही, सभात्याग नाही.

गटार तुंबलं, नळाला गढूळ पाणी आलं, तर जायचं कुठे? नगरसेवक कसाही असो, त्याचं घर माहीत असतं आणि पाच वर्षांनी तो दारात येणार हे त्यालाही माहीत असतं. प्रशासकाची बदली होते. हजारो कोटींचा अर्थसंकल्प मांडणारा अधिकारी आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता. त्यावर सभागृहात एकही प्रश्न विचारला गेला नाही, कारण सभागृहच नव्हतं. आणि खड्डे? ते होते तिथेच राहिले.

राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू सांगतो की नगरपालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यातल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्या असं बजावावं लागलं, आणि ती मुदतही पाळली गेली नाही. ज्यांना कारभाराचा संताप येतो, त्यांनी सरकारला आणि राज्य निवडणूक आयोगाला याचा जाब विचारावा. पुढच्या वेळी मुदत संपण्याच्या सहा महिने आधी प्रभागरचना आणि मतदार यादी तयार आहे का, हे विचारणारं एक पत्र आपापल्या आमदाराला लिहावं.