‘तुम्हाला मुलं नसावीत’ या वाक्याला उत्तर

नमस्कार,

‘बॅटल रोयाल’ या जपानी चित्रपटावरच्या माझ्या लेखाखाली आपण टाकलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. आधी आपली दुरुस्ती मान्य करते. शाळेतला एक अख्खा वर्ग बेटावर सोडून मुलांना एकमेकांना मारायला लावणारा तो कायदा कादंबरीतून जसाच्या तसा उचललाय, असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. कोशुन ताकामी यांची १९९९ची कादंबरी एका कल्पित हुकूमशाही राष्ट्रात घडते. पंधरा टक्के बेकारी, शाळेवर बहिष्कार टाकणारी आठ लाख मुलं आणि त्यांना धाक बसावा म्हणून केलेला कायदा, ही मांडणी चित्रपटाची. लेखात बदल केलाय.

आता आपलं ते वाक्य. ‘पंधरा वर्षांची पोरं मरताना बघून ज्यांना करुणा सुचते त्यांना मुलं नसावीत, आणि असला सिनेमा काढणारा माणूसही विकृतच असणार.’

चित्रपट आवडला नाही, हिंसा सोसवली नाही, असं म्हणायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण ही कुठली भाषा? आपली माझी ओळख नाही, देख नाही. मला मुलं आहेत की नाहीत हे मी इथे सांगणार नाही, कारण ते विचारायचा कुणाला अधिकार नाही. एवढं सांगते की मी एकवीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं आणि त्यातली चौदा वर्षं वर्गशिक्षिका होते. पंधरा वर्षांची मुलं म्हणजे काय, हे मला आपण शिकवू नये.

आणि विकृत कोणाला म्हणताय? चित्रपटाचे दिग्दर्शक किंजी फुकासाकू यांचा जन्म १९३०चा. जुलै १९४५मध्ये, म्हणजे या चित्रपटातल्या मुलांच्याच वयाचे असताना, ते वर्गसोबत्यांबरोबर दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जुंपलेले होते. तोफांचा मारा सुरू झाला. पळायला जागा नव्हती, म्हणून मुलं जीव वाचवायला एकमेकांच्या अंगाखाली शिरली. जी वाचली त्यांनाच मेलेल्या सोबत्यांची प्रेतं उचलावी लागली. सरकार आणि मोठी माणसं आपल्याशी खोटं बोलत आली, हे त्यांना तिथे कळलं. तो राग त्यांनी पंचावन्न वर्षं बाळगला आणि सत्तराव्या वर्षी, डिसेंबर २०००मध्ये, हा चित्रपट लोकांपुढे आला. जपानच्या संसदेत त्यावरून वाद झाला, पंधराच्या आतल्या मुलांना तो बघायला बंदी होती. हे सगळं मी लेखात लिहिलं होतं. आपण तिथपर्यंत वाचलंत का, अशी मला शंका येते.

करुणा कुठे दिसली, असं विचारता. नायक शुयाचा बाप गळफास घेतो आणि मुलासाठी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीवर ‘नेट धर, शुया’ एवढंच लिहून जातो. तिथे दिसली. दीपगृहात दिसली. तिथे सहा मैत्रिणी एकत्र राहतात, स्वयंपाक करतात, सगळे मिळून वाचू म्हणतात. एकीने भीतीपोटी, तिथेच असलेल्या शुयाच्या ताटात विष कालवलेलं असतं, ते भलतीच मुलगी चाखते आणि कोसळते. मग ‘कोणी केलं?’ एवढा एकच प्रश्न. दोन-तीन मिनिटांत बंदुका निघतात आणि घासभर जेवणासाठी जमलेल्या मुली एकमेकींना संपवतात. जिने विष घातलं तीच मागे उरते आणि मग उंचावरून खाली उडी टाकते.

हा प्रसंग मला का लागला, ते सांगते. आमच्या शाळेत सराव परीक्षेचा क्रमांकवार निकाल फळ्याशेजारी चिकटवायची पद्धत होती. एका डिसेंबरात दहावीतल्या एका मुलीची विज्ञानाची वही हरवली. चार दिवसांनी शिपायाला ती गच्चीवरच्या टाकीत सापडली. फुगलेली, पानं एकमेकांना चिकटलेली, निळी शाई पसरून आकृत्यांवर आलेली. टाकली होती तिच्याच बाकावरच्या, सातवीपासूनच्या मैत्रिणीने. का, असं विचारलं तर ती म्हणाली, ‘बाई, ती दुसरी आली असती ना, तर मी तिसरी झाले असते.’ आणि रडायला लागली. ती मुलगी वाईट नव्हती. तो कागद दर वेळी स्वतःच्या हाताने मी चिकटवला होता. म्हणून चित्रपटातले मोठे लोक मुलांच्या हातात शस्त्रांच्या पिशव्या देतात तेव्हा मला मारामारी दिसत नाही, देणारे हात दिसतात. आपल्याला ते दिसत नसतील तर नसोत, पण ज्याला दिसतात त्याला निर्दय ठरवू नका.

आपले बाकीचे मुद्दे, म्हणजे मेलेल्यांची नावं आणि उरलेल्यांचा आकडा पडद्यावर धावफलकासारखा येतो, किरियामा या मारेकरी मुलाला कादंबरीत आहे तसा पूर्वेतिहास नाही, उत्तरार्ध रेंगाळतो, यांवर मला फारसं काही म्हणायचं नाही. बेचाळीस मुलांचा हिशोब प्रेक्षकाला कळावा म्हणून तो आकडा आहे. किरियामाचं म्हणाल, तर कादंबरी वेगळी, चित्रपट वेगळा. रेंगाळणं हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे.

आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही, जशी आहे तशी राहू दे. त्यातलं ‘मुलं नसावीत’ हे वाक्य मात्र आपण स्वतःहून मागे घ्यावं, असं मला वाटतं. घेतलंत तर धावफलकाच्या मुद्द्यावर बोलू.