डबा 800 ग्रॅमचा, मशरूम किती?

मशरूमच्या डब्यावर ‘निव्वळ वजन 800 ग्रॅम’ ठळक असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘ड्रेन्ड वेट 440 ग्रॅम’, म्हणजे पाणी निथळल्यावर उरणारं वजन. आपण पैसे मोजतो ते या दुसऱ्या आकड्याचे. बाकी मिठाचं पाणी.

नियमात खोट नाही. 2020 च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पाण्यात, पाकात, व्हिनेगरमध्ये भरलेल्या मालावर निथळलेलं वजन छापावंच लागतं. गोची तपासणीत आहे. तारीख, लायसन्स नंबर, हिरवा ठिपका हे नुसतं बघून कळतं. हे वजन डबा फोडल्याशिवाय कळत नाही. वजनमापेवाल्यांचा हिशेब निव्वळ वजनाचा, त्यात 800 ग्रॅमला 15 ग्रॅमची तूट चालते. मशरूम 40 ग्रॅम कमी भरले आणि तेवढं पाणी वाढवलं, तर काटा अगदी बरोबर!

दर वेळी लबाडीच असते असं नाही. मशरूम ब्लांचिंगमध्ये (उकळत्या पाण्यात थोडा वेळ काढताना) आक्रसतात, रिटॉर्टमध्ये (बंद डबे दाबाखाली तापवायच्या यंत्रात) आणखी पाणी सोडतात. भरतानाच 440 तोललं तर डबा थंड झाल्यावर ते कमी भरणारच. म्हणून भरताना जास्तीचं धरायचं असतं, आणि नेमकी तिथेच काटकसर होते.

घरी बघायचं तर चाळणी आधी तोला. डबा तिच्यात पसरून ओता, चाळणी थोडी तिरकी धरा, 2 मिनिटं थांबा आणि पुन्हा तोला. दाबू नका, हलवू नका. दाबलं की मशरूममधलंही पाणी जातं आणि कंपनीवर उगाच आळ येतो.

आता अन्नसुरक्षा कायद्याची गंमत. मशरूमला निव्वळ वजनाच्या निदान 50 टक्के माल हवा. म्हणजे 800 च्या डब्यात 410 ग्रॅम निघाले तर माल दर्जात पास, पण लेबल खोटं. तो ‘मिसब्रँडेड’, कलम 52, दंड 3 लाखांपर्यंत. 390 निघाले तर दर्जातच नापास, म्हणजे ‘सब-स्टँडर्ड’, कलम 51, 5 लाखांपर्यंत. दुकानातून एखादा डबा उचलून हे धड सिद्ध होत नाही, डब्याडब्यात फरक असतोच. माझं मत स्पष्ट आहे: कारखान्याच्या गोदामात जाऊन एकाच बॅचचे पुरेसे डबे फोडा. आणि प्रति ग्रॅम किंमत निथळलेल्या वजनावर छापायला लावा.

तोवर त्याच कायद्याचं कलम 40 आहे. ग्राहकाला स्वतः फी भरून फूड अ‍ॅनालिस्टकडून, म्हणजे कायद्याने नेमलेल्या अन्न तपासनिसाकडून, तपासणी करून घेता येते. मात्र तसा इरादा खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावा लागतो. माल नियमाबाहेर निघाला तर फी परत मिळते.