आउटबॅकला डिझेलच हवं? त्या फॉरवर्डला उत्तर

ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला. (आउटबॅक म्हणजे देशाच्या आतला दूरवरचा, विरळ वस्तीचा भाग; कॅरव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर.) मेसेज असा: "आउटबॅकला कॅरव्हॅन ओढत जायचं तर डिझेल आणि डिझेलच. तिकडे पेट्रोल मिळत नाही. डिझेल स्वस्त पडतं. ओढायची ताकद फक्त डिझेलमध्ये. डिझेल इंजिन कधी दगा देत नाही. पेट्रोल गाडी असेल तर आधी विका."

मी स्वतः डिझेल चालवतो आणि त्याचे गुण रोज अनुभवतो. तरीही हे लिहायला बसलो, कारण ओळखीतल्या एका जोडप्याने तो मेसेज वाचून खरंच गाडी विकली. दोन मुलं, १,६०० किलोची छोटी कॅरव्हॅन आणि २,००० किलो ओढू शकणारी उत्तम पेट्रोल एसयूव्ही. ती देऊन त्यांनी कर्जावर जुनी डिझेल घेतली.

आधी "पेट्रोल मिळत नाही" हे पाहू. आपली बहुतेक कुटुंबं कॅरव्हॅन घेऊन जातात ती दक्षिणेच्या नलारबॉर या सपाट, निर्जन पठारावरच्या हायवेने, नाहीतर देशाच्या मधोमध दक्षिणोत्तर जाणाऱ्या स्टुअर्ट हायवेने उलुरू-डार्विनकडे. नलारबॉरचा रस्ता नॉर्समन ते सेडुना सुमारे १,२०० किलोमीटर. त्यात बॅलाडोनिया ते केगुना हा जवळजवळ १८० किलोमीटरचा टप्पा येतो, ज्यातले १४६ किलोमीटर एकही वळण नसलेले सरळ आहेत. पुढेमागेही रोडहाउसांमधलं, म्हणजे हायवेवरच्या पंप-खानावळींमधलं अंतर साधारण दोनशेच्या आतच राहतं. स्टुअर्ट हायवेवर ग्लेन्डांबो ते कूबर पीडी हा मोठा टप्पा, सुमारे २५० किलोमीटरचा. या सगळ्या ठिकाणी डिझेलशेजारी साधं पेट्रोलही असतं. भलीमोठी व्हॅन ओढत पेट्रोल गाडी शंभर किलोमीटरला २५ लिटर प्यायली, तरी २५० किलोमीटरला ६३ लिटर लागतात.

खरी अडचण वेगळीच आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती माहीत नसावी. आडवाटेला पेट्रोल मिळतं, पण कुठलं? लॅव्हर्टन ते युलारा हा ग्रेट सेंट्रल रोड सुमारे १,१०० किलोमीटरचा. तिथल्या वस्त्यांमध्ये मिळतं ते 'ओपल'. पेट्रोल हुंगायच्या व्यसनाने मूलनिवासी वस्त्यांमधली तरुण मुलं उद्ध्वस्त होत होती, म्हणून २००५ मध्ये हे, नशा आणणारे ॲरोमॅटिक घटक फार कमी असलेलं पेट्रोल आणलं गेलं. ते ९१ ऑक्टेनच्या, म्हणजे साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला चालतं. मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत किमान ९५ लिहिलं असेल, तर त्या रस्त्यावर ते वरच्या दर्जाचं प्रीमियम पेट्रोल मिळेल या भरवशावर निघू नका. उदाहरणार्थ निसानची 'पेट्रॉल' (Patrol) ही मोठी पेट्रोल गाडी, तिचं ५.६ लिटरचं व्ही-८ इंजिन ९५ मागतं. तेव्हा पंपावर पेट्रोल आहे का, यापेक्षा गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आत कुठला आकडा लिहिलाय ते आधी बघा.

आणि टाकी किती पुरेल हे इंधनापेक्षा वारा जास्त ठरवतो. नलारबॉरवर पश्चिमेकडे जाताना एका सकाळी समोरून वारा सुटला. रस्ता सपाट, वेग तोच ९०. पण डॅशबोर्डवरचा, शंभर किलोमीटरला लागणाऱ्या लिटरचा, १६ चा आकडा माझ्या डोळ्यांदेखत १८, २० करत २२ वर गेला. गाडी डिझेलच होती. मी ८० वर आलो, तेव्हा कुठे तो खाली सरकला.

"डिझेल स्वस्त पडतं" ही समजूत आपण भारतातून सोबत आणली. तिथे २०१४ पर्यंत डिझेलच्या दरावर सरकारचं नियंत्रण होतं, पेट्रोलपेक्षा ते बरंच स्वस्त असायचं. इथे दोन्हींवर लिटरमागे अबकारी कर सारखाच, आणि पंपावर डिझेल कित्येकदा ९१ पेट्रोलपेक्षा महाग. फायदा होतो तो ॲव्हरेजमध्ये. अडीच टनांच्या व्हॅनला मोठी डिझेल शंभर किलोमीटरला १६ लिटर आणि मोठी पेट्रोल २३ लिटर घेते असं धरा, आणि लिटरचा दर दोन्हींना २.२० डॉलर. वर्षाकाठी ६,००० किलोमीटर ओढलं तर ४२० लिटर वाचतात, म्हणजे नऊशेच्या आसपास डॉलर. गाडीच्या किमतीतला फरक आणि कर्जाचं व्याज यांना या नऊशेने भागा आणि किती वर्षं लागतात ते बघा. सहा महिने सुट्टी काढून देशाला ३०,००० किलोमीटरची प्रदक्षिणा घालणाऱ्याचं गणित वेगळं. त्याचे साडेचार हजारांहून जास्त वाचतील. त्याने डिझेल घ्यावी, मी स्वतः तेच सांगेन.

ताकदीबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. टोयोटाच्या लँड क्रूझर ३०० चं डिझेल इंजिन ७०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर देतं आणि तो १,६०० आरपीएमलाच मिळतो. निसान पेट्रॉलचा ५६० आहे, तोही ४,००० ला. चढावर फरक कानांना कळतो: एक गाडी शांतपणे चढते, दुसरी गिअर उतरवून ओरडत चढते. पण ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी दोघींची मर्यादा एकच, ३,५०० किलो. सोळाशे किलोच्या व्हॅनसाठी हा वाद घालायची गरजच नाही.

आता "डिझेल कधी दगा देत नाही". हे वाक्य तीस वर्षांपूर्वीच्या साध्या यांत्रिक पंपाच्या डिझेलबद्दल असेल तर मान्य. आजचं 'कॉमन रेल' पद्धतीचं डिझेल इंजिन दोन हजार बारच्या आसपास दाबाने इंधन फवारतं. कुठल्यातरी पंपाच्या जुन्या टाकीतून थोडं पाणी आलं तरी इंजेक्टर जातात आणि बिल हजारांत येतं. म्हणून दूर जाणारे लोक वॉटर सेपरेटर (पाणी वेगळं करणारा भाग) असलेला जादा फिल्टर बसवतात. काही गाड्यांना धूर स्वच्छ करायला ॲडब्लू नावाचं द्रव लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये देशात त्याचाच तुटवडा पडला होता. आणि डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. ती काजळी जाळायला फिल्टर खूप तापावा लागतो, आणि शाळा-स्टेशन-दुकान अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये तो तापतच नाही. लांब चालवलं की प्रश्न मिटला, असंही नेहमी नसतं. २०१५ ते २०२० दरम्यान विकलेल्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनरच्या डीपीएफबद्दल टोयोटाविरुद्ध फेडरल कोर्टात खटला झाला. त्यातला दोष तर ताशी शंभरच्या सलग वेगाने चालवतानाच उफाळून यायचा. कोर्टाने तो दोष मान्य केला.

आमच्या त्या जोडप्याच्या डॅशबोर्डवर आठव्या महिन्यात डीपीएफचा दिवा लागला. तोवर कॅरव्हॅन एकदाच बाहेर पडली होती, तीही शहरापासून दीड तासावर. फिल्टरचं बिल चार आकडी.

डिझेलचा एक मोठा गुण मेसेजमध्ये आलाच नाही, तो मी सांगतो. जेरी कॅनमध्ये जादा इंधन न्यायचं असेल तर डिझेल फार सुरक्षित. पेट्रोलची वाफ गोठणबिंदूच्या खालच्या तापमानालाही पेटू शकते. डिझेलला साठ अंशांच्या वर तापावं लागतं. माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल असं पाचशेहून जास्त किलोमीटर सिम्प्सन वाळवंटाच्या वाळूतून जाणाऱ्याला हे महत्त्वाचं आहे. पण तिथे कुणी कॅरव्हॅन नेत नाही, नेऊही नये.

तुमच्याकडे पेट्रोल गाडी असेल आणि व्हॅनचं वजन तिच्या मर्यादेत असेल, तर विकण्याआधी एक रविवार द्या. टाकी काठोकाठ भरा, व्हॅन पाणी-सामानासकट जोडा, हायवेवर दोनशे किलोमीटर फिरून त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. किती लिटर गेलं ते लिहून ठेवा, त्यात वाऱ्यासाठी एक तृतीयांश वाढवा. त्या हिशेबाने एका टाकीत साडेतीनशे किलोमीटर जात असतील, तर ग्लेन्डांबोला टाकी भरून निघा. कूबर पीडीला पोचाल तेव्हा शंभर किलोमीटरचं पेट्रोल शिल्लक असेल.