डिप्लोमा नसलेल्यांनी वर कसं जावं

कंपनीत सुपरवायझरची जागा निघाली आणि तुम्ही दहावी नापास असलात, तर अजिबात निराश होऊ नका. गेल्या आठवड्यात मला ती जागा नाकारली, मी कुठे निराश झालो?

सुरुवात हेल्परपासूनच करा. मशीनच्या ट्रेमधली चिप, म्हणजे धातूचा कीस, उपसा, कूलंट भरा, रात्रपाळ्या काढा. याला अनुभव म्हणतात. फॉर्मवर त्याचा रकाना सगळ्यात शेवटी असतो.

मुलीला बघायला पाहुणे येणार असतील तर निळा युनिफॉर्म दोरीवरून काढून ठेवा.

नवा ट्रेनी इंजिनिअर आला की त्याला मनापासून शिकवा. पातळ जॉबचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मशीनवर गोल मिळतो आणि जॉब पकडणाऱ्या चकमधून सोडला की ओव्हल का होतो, हे त्याला कळत नाही. सांगा, बाळा, चकचं प्रेशर उतरव, चकचे मऊ जबडे, सॉफ्ट जॉ, जॉबच्या मापाला बोअर करून घे. तो 'हो काका' म्हणत वहीत लिहून घेईल आणि पुढच्या महिन्यात तेच मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर दाखवेल. टाळ्या वाजवा. पुढे तो तुमचा सुपरवायझर झाला की 'काका' बंद, तुम्ही 'सर' म्हणायचं. मग भिंतीवरचा स्किल मॅट्रिक्स बघा, कुणाला कोणतं काम किती येतं त्याचा तक्ता. तुमच्या नावापुढच्या वर्तुळाचे चारही चतकोर भरलेले. म्हणजे हा माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो. शिकवू शकतो, पण सुपरवायझर होऊ शकत नाही! का, तर म्हणे ऑडिटला चालत नाही. अहो, ज्या आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या स्टँडर्डचा बागुलबुवा दाखवता, त्याच्या ७.२ कलमात शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव असं लिहिलंय. नापासाला वाचता येतं ते एमबीएला येत नाही?

आणि हो, वसंतदादांचं नाव काढू नका. कॉलेजची पायरी न चढलेल्या त्या माणसाने मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तसल्याच कॉलेजातून बाहेर पडलेले साहेब आज तुम्हाला विचारतात, "एज्युकेशन किती?"

अनुभवातून शिकलेल्या कामाचं सरकारचं सर्टिफिकेट मिळतं, आरपीएल म्हणतात त्याला. घ्या, लॅमिनेट करा, कपाटात ठेवा.

पुरे झालं. रात्री दोनला मशीन अडलं की फोन कुणाला करता? तेव्हा नाही विचारत मार्कशीट! पगार ऑपरेटरचा द्यायचा, काम मास्तरचं करून घ्यायचं, आणि साधं मुलाखतीलाही बोलवायचं नाही? लाजा वाटत नाहीत? नसेल द्यायची जागा तर नका देऊ. पण मग त्या मॅट्रिक्सवरचं माझं नाव खोडा, आणि सोमवारी येणाऱ्या ट्रेनींना शिकवायला एखादा डिप्लोमावाला शोधा.