जुन्या घराची ऊर्जाबचत: पालथ्या घड्यावर पाणी?

जुन्या इमारतीत ऊर्जाबचतीवर पैसा घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं सांगणारा मजकूर बराच फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं: जुन्या जाड भिंतींना इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) लागत नाही, फटी बुजवल्या की घर कोंदतं आणि बुरशी धरते, सांगितलेली बचत होत नाही हे संशोधनानेच दाखवलंय, झालीच तर लोक एसी-हीटर जास्त चालवून ती फस्त करतात. त्यापेक्षा छतावर सोलर बसवा, नाहीतर इमारत पाडून नवी बांधा. लिहिणारा अडाणी नाही. जवळपास प्रत्येक मुद्द्यात काहीतरी खरं आहे, पण ते भलत्याच निष्कर्षाला जुंपलंय.

‘जाड भिंतीला इन्सुलेशन कशाला?’

भिंत जाड असली म्हणजे ती उष्णता अडवतेच असं नाही. साठ सेंटीमीटर जाडीची ग्रॅनाइटची भिंत उष्णतेला जेवढा अडथळा करते, तेवढा फोमचा जेमतेम एक सेंटीमीटरचा थर करतो. विटेची भिंत बरी, पण फार नाही. नऊ इंची भरीव भिंतीतून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला साधारण २ वॅट उष्णता निसटते. तिच्यावर ५ सेंटीमीटर इन्सुलेशन चढवलं की हा आकडा ०.५ च्या आसपास येतो. बारा आणे गळती तिथेच थांबली. आणखी ५ सेंटीमीटर घातले तर ०.३. म्हणजे दुसऱ्या थराला पहिल्याची सर नाही, आणि ‘करायचं तर भरपूर करा’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला हे विचारायला हवं.

जाड भिंतीचा खरा गुण उष्णता साठवण्याचा. दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते. रात्री हवा गार होत असेल तर उत्तम. रात्रीही उकडत असेल तर तीच भिंत पहाटेपर्यंत खोली तापवत बसते. उष्ण हवेत वरच्या मजल्याचा मुख्य शत्रू तर छत असतं. भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊन पडतं. गडद छत त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त शोषतं, ताजा पांढरा परावर्तक रंग साधारण २० टक्के. (रंग मळतो आणि अधूनमधून धुवावा लागतो, हे डब्यावर मोठ्या अक्षरात नसतं.) खिडकीचंही तसंच. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर अडलं. आतल्या पडद्यावर अडवलेल्या उन्हाची बरीचशी उष्णता खोलीतच राहते.

‘फटी बुजवल्या की बुरशी येते’

हा मुद्दा सगळ्यात पटतो, कारण असं झालेलं अनेकांनी पाहिलंय. पण कारण नीट बघा.

चौघांचं कुटुंब श्वास, आंघोळ, स्वयंपाक, कपडे वाळवणं यांतून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतं. बुरशीला थेंब लागत नाहीत. भिंतीला लागून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की तिचं भागतं. आता थंडीतली एक खोली घ्या: बाहेर शून्य अंश, आत २० अंश, आर्द्रता ५० टक्के. ही हवा साडेबारा अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की ८० टक्के गाठते, नऊ अंशांवर पाणी सुटतं. एकेरी काचेची आतली बाजू असते पाच अंशांवर, म्हणून ती घामेजते. विटेची भिंत मधोमध १५ अंशांवर, म्हणजे थोडक्यात बचावलेली. कोपऱ्यात, स्लॅबच्या कडेला, कपाटामागे तापमान आणखी दोन-तीन अंश खाली असतं. काळे डाग नेमके तिथेच दिसतात.

मग कुणीतरी फक्त खिडक्या बदलतो. घट्ट चौकटी, चांगली दुहेरी काच, आतली बाजू आता १६-१७ अंशांवर. आर्द्रता जायच्या फटी गेल्या, आणि पाणी सुटून सगळ्यांना दिसायची ती काचही गेली. खोलीतली सगळ्यात थंड जागा आता भिंतीचा कोपरा. बुरशी तिथे फोफावते आणि खापर फुटतं ऊर्जाबचतीवर. आजार रेड्याला, इलाज पखालीला! त्याच भिंतीला ५ सेंटीमीटर इन्सुलेशन बसलं असतं तर ती १८-१९ अंशांवर गेली असती, आणि न्हाणीघरात व स्वयंपाकघरात नीट चालणारा एक्झॉस्ट असता तर आर्द्रताही बाहेर पडली असती.

फटी म्हणजे वायुवीजन नव्हे. फटीतून किती हवा यायची ते वारा ठरवतो: वादळात नको तितकी, निवांत दमट दिवशी जवळपास शून्य. गळती शोधायला दारात पंखा बसवून घरात ५० पास्कल दाबाचा फरक तयार करतात. मग नुसता हात फिरवला तरी कळतं. स्विचबोर्डच्या मागून, पाइप भिंतीत शिरतो तिथून, पोटमाळ्याच्या झाकणाभोवतीनं वारा हाताला लागतो, आणि सगळ्यांचा संशय असतो बिचाऱ्या खिडकीवर.

दोन सावधगिऱ्या मात्र खऱ्या. भिंतीत पावसाची किंवा जमिनीची ओल असेल तर आधी ती काढा. आतून इन्सुलेशन लावताना तर विशेष, कारण मागची भिंत आणखी थंड होते आणि ओल आत कोंडते. आणि खोलीतलीच हवा घेऊन जळणारा गीझर किंवा शेगडी असेल, तर ताज्या हवेची सोय केल्याशिवाय एकही फट बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

‘संशोधनानेच दाखवलंय’

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या सुमारे ३०,००० कुटुंबांवरचा मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरिन वोल्फ्रम यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अशा वादात हमखास पुढे येतो. त्यात संगणकाने वर्तवलेली बचत प्रत्यक्षाच्या तिपटीहून जास्त निघाली, आणि कामांवरचा खर्च हा प्रत्यक्ष झालेल्या बचतीच्या साधारण दुप्पट. हे गंभीर आहे, झटकून टाकण्यासारखं नाही. पण त्याच घरांचा ऊर्जावापर १० ते २० टक्के घटला, हे मजकुरात येत नाही. अभ्यासाने उघडं पाडलं ते फुगवलेलं गणित आणि त्या भरवशावर निवडलेली कामं.

गणित फुगतं कसं, याचा एक धागा मिना सुनिका-ब्लँक आणि रे गॅल्विन यांनी २०१२ मध्ये दाखवला. जर्मनीतली घरं कागदोपत्री हिशेबापेक्षा सरासरी ३० टक्के कमी ऊर्जा वापरत होती. हिशेब धरतो सगळं घर सदैव उबदार. माणसं एकच खोली तापवून बाकीची दारं लावून घेतात. जे खर्चलंच नाही ते वाचणार कुठून? तेव्हा बचतीचा आकडा घेऊन कुणी आलं, तर तो तुमच्या वर्षभराच्या बिलांवरून काढलाय का, एवढं विचारा.

‘वाचलेलं लोक उधळतात’

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल मांडलेला हा विचार. घर तापवण्याच्या बाबतीत असा वाढीव वापर वाचलेल्या ऊर्जेच्या साधारण ३० टक्क्यांच्या आतच राहतो, असं त्यावरच्या आढाव्यांत दिसतं. म्हणजे शंभरातले सत्तर हातात राहतात. उरलेल्या तिसांचं काय होतं? न्यूझीलंडमध्ये १,३५० घरांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इन्सुलेशन केलेल्या घरांचा ऊर्जावापर न केलेल्यांच्या ८१ टक्के होता, तरी झोपायच्या खोल्या अर्ध्या अंशाने उबदार होत्या आणि मुलांचे शाळेतले खाडे कमी झाले. याला उधळपट्टी म्हणायला जीभ रेटत नाही.

‘त्यापेक्षा सोलर बसवा, नाहीतर पाडा’

सोलरशी वैर नाही, पण हे आधी कळस मग पाया. पॅनेल वीज देतं. खोलीत शिरणारी किंवा खोलीतून निसटणारी उष्णता तशीच राहते. शिवाय संध्याकाळी किंवा ऐन थंडीत गरज वाढते तेव्हाच ऊन नसतं. आधी गळती आटोक्यात आणली की एसी, हीट पंप (बाहेरची उष्णता खेचून घरात आणणारं यंत्र) आणि पॅनेल, तिन्ही लहान पुरतात.

आणि पाडून बांधायचं म्हटलं तर किती पाडणार? युरोपीय आयोगाच्या २०२० च्या अंदाजानुसार तिथल्या आजच्या ८५ ते ९५ टक्के इमारती २०५० मध्येही उभ्याच असतील. नव्या बांधकामात सिमेंट-पोलाद जातं, आणि ते तयार करायला लागलेली ऊर्जा नवं घर कितीही काटकसरी असलं तरी भरून यायला वर्षं जातात.

अपवाद एकच: सांगाडाच खचलेली इमारत. सळ्या गंजून स्लॅब फुगला असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट, मग बाकीचं. तड्यांवर इन्सुलेशनचा थर चढवून ते झाकायला निघालेला कंत्राटदार आलाच, तर त्याला दारातूनच परत पाठवा.