स्क्लेरल लेन्स फक्त केराटोकोनसवाल्यांसाठी? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यातील दावे असे: स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कॉन्टॅक्ट लेन्स, ही केराटोकोनसच्या (डोळ्याचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराच्या) शेवटच्या टप्प्यातील रुग्णांसाठीच असते, ती लावली की आजार वाढायचा थांबतो, डोळे कोरडे पडणाऱ्यांनी कोणत्याही लेन्सच्या वाटेला जाऊ नये, आणि एवढी मोठी लेन्स वयस्कर माणसांना वा मुलांना झेपत नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, परंतु ज्यांना या लेन्सचा सर्वाधिक उपयोग व्हावा, नेमकी तीच माणसे हा संदेश वाचून डॉक्टरांना विचारायचेही सोडून देतील.

पहिला दावा लेन्सची रचना पाहिली की टिकत नाही. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, साधारण १२ मिलिमीटर व्यासाचा असतो. स्क्लेरल लेन्स बहुधा १५ मिलिमीटरहून मोठी असते आणि कॉर्नियाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते. मधल्या पोकळीत सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचे पाणी, भरलेले असते. कॉर्नियाचा पृष्ठभाग कितीही उंचसखल असला, तरी त्यावरचे हे द्रव खाचखळगे भरून काढते आणि प्रकाशाला समोर लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. त्यामुळे केराटोकोनसबरोबरच कॉर्निया रोपणानंतर वेडावाकडा नंबर राहिलेले, लेसिकनंतर (चष्म्याचा नंबर घालवण्याच्या लेसर शस्त्रक्रियेनंतर) कॉर्निया फुगत गेलेले, जखमेने वा जंतुसंसर्गाने व्रण राहिलेले, असे अनेक जण तिचे लाभार्थी ठरू शकतात. केराटोकोनसमध्येही चष्म्याने दृष्टी नीट सुधारेनाशी झाली की तिचा विचार होऊ शकतो. शेवटच्या टप्प्याची वाट पाहण्याचे कारण नाही. उलट, ज्याचा कॉर्निया सुदृढ आहे आणि ज्याला चष्म्याने स्वच्छ दिसते, त्याने केवळ चष्मा नको म्हणून हा खटाटोप करावा, असे मला वाटत नाही.

आजार थांबतो हा दावा सरळ चुकीचा आहे. लेन्स दृष्टी सुधारते, कॉर्नियाचे पातळ होणे रोखत नाही. ते रोखण्यासाठी रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून केले जाणारे क्रॉसलिंकिंग हा वेगळा उपचार आहे. आजार वाढतो आहे का, हे ठरावीक काळाने कॉर्नियाचे नकाशे काढून पाहावे लागते, आणि डोळे चोळायची सवय तर सोडावीच लागते; मे महिन्यातील माळव्याच्या धुळीत ॲलर्जीने डोळे खाजवणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. मात्र लेन्समुळे कॉर्निया रोपण टळू शकते, यात तथ्य आहे. बेल्जियममधील अँटवर्पच्या डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीव्र केराटोकोनसमुळे एरवी रोपण करावे लागले असते अशा ५१ डोळ्यांपैकी ४० डोळ्यांना स्क्लेरल लेन्सने भागले.

कोरड्या डोळ्यांविषयीचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. सॉफ्ट लेन्स कोरड्या डोळ्यांना अनेकदा जाचते, हे खरे. पण तोच न्याय येथे लावता येत नाही, कारण ही लेन्स स्वतःच्या पोटात पाणी बाळगते आणि कॉर्निया दिवसभर त्यात भिजत राहतो. शोग्रेन सिंड्रोममध्ये अश्रूच आटतात. औषधाच्या प्रतिक्रियेतून उद्भवणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमनंतर पापणीची खरखरीत झालेली कड प्रत्येक उघडझापीला कॉर्निया घासते. चेहऱ्याच्या पक्षाघातात पापणी पुरती मिटत नाही. अशा तिन्ही प्रकारच्या रुग्णांसाठी ही लेन्स नंबराची नसून संरक्षणाची असते. अर्थात संगणकापुढे बसून डोळे थोडे चुरचुरणाऱ्याला आधी थेंब, शेक आणि पापण्यांची निगा पुरते.

वयाचा मुद्दा हातोटीचा आहे. लोकमान्यनगरमधील आमच्या परिचयाच्या एक काकू शोग्रेनमुळे ही लेन्स वापरतात. टेबलावर टॉवेल अंथरून त्या मान पूर्ण खाली घालतात, रबरी प्लंजरवर (लेन्स धरायच्या छोट्या दांडीवर) ठेवलेल्या लेन्सची वाटी सलाइनने काठोकाठ भरतात आणि ती खालून वर डोळ्याला लावतात. सुरुवातीला त्या पाणी सांडेल म्हणून मान वर करत, आणि सून सांगे, “आई, सांडू द्या, पण वर बघू नका.” आत हवेचा बुडबुडा राहिला, तर लेन्स काढून पुन्हा भरावी लागते. हात थरथरणाऱ्यांना आणि लहान मुलांना घरच्या कोणाची तरी मदत लागते, पण वय एवढ्याच कारणाने नकार दिला जात नाही.

नकाराची कारणे वेगळी असतात आणि त्यांचा संदेशात उल्लेखच नाही. डोळ्यात जंतुसंसर्ग असताना लेन्स लावत नाहीत. रोपण झालेल्या डोळ्यात कॉर्नियाच्या आतल्या थरातील पेशी फार कमी उरल्या असतील, तर प्राणवायू कमी पडून कॉर्निया सुजण्याचा धोका असतो. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत पांढऱ्या भागावर पाण्याचा फुगवटा ठेवलेला असेल, तर लेन्सची कड त्यावर दाबू शकते. ज्यांना ती बसते, त्यांनीही सर्वसाधारणपणे रात्री काढून ठेवायची असते, आत भरायचे सलाइन संरक्षक रसायनाविनाचेच घ्यायचे असते आणि नळाचे पाणी, मग ते नर्मदेचे गाळलेले का असेना, लेन्सला लावायचे नसते. त्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव कॉर्नियात शिरला, तर महिनोन्‌महिने उपचार चालतात.