टेलची बॅटरी

अमेरिकेत पिकअप ट्रकला ट्रॅव्हल ट्रेलर जोडून यलोस्टोनकडे निघणाऱ्या आम्हा मराठी मंडळींची एक ठाम श्रद्धा असते: सात पिनांचा प्लग खुपसला की मागची बॅटरी आपोआप भरते. आठ तास गाडी हाकून मुक्कामी पोचावं, हातपाय धुवायला नळ सोडावा, तर पाण्याचा पंप दमेकऱ्यासारखा दोनदा खाकरतो आणि गप्प होतो. "अहो, दिवसभर चार्ज होत होती ना?" या प्रश्नाला शांतपणे उत्तर देणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही.

कालव्याच्या शेवटाला शेती असणाऱ्याला मात्र हे समजावून सांगावं लागत नाही. धरण तुडुंब, हेडवाल्यांचा ऊस डुलतोय, आणि टेलच्या वावरात येते ती फक्त ओल. इंजिनाच्या जोरावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर हे आपलं धरण, चांगलं दीडशे अँपिअरचं. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवरची बॅटरी टेलला. मधला पाट म्हणजे १२ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) काळी तार, बॉनेटपासून तीसेक फूट.

या तारेचा रोध हजार फुटांना १.६ ओहम. परतीची पांढरी तारही तेवढीच धरली तर साठ फुटांना ०.०९५. दहा अँपिअर वाहिले की जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जिरतो. अल्टरनेटरने १४.२ सोडले, पदरात पडले १३.२. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला पोटभर जेवायला १४.४ लागतात. १३.२ वर ती नव्या जावयासारखी "थोडंच वाढा" करत बसते. प्रत्यक्षात पाच ते आठ अँपिअर जातात, तेही पुढे पुढे घटत. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी उतरली असेल, तर ती भरेपर्यंत सुट्टी संपते.

नव्या ट्रकची हुशारी वेगळीच. पुढची बॅटरी भरली की संगणक इंधन वाचवायला व्होल्टेज तेराच्याही खाली आणतो. मागच्या पंगतीला अजून वाढायचंय, हे त्याच्या गावीही नसतं.

पण खरा दरोडेखोर फ्रीज. गॅस, घरची वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रीज १२ व्होल्टवर टाकला की त्याचा हीटर दहा-बारा अँपिअर ओढतो. येतात आठ, जातात बारा. म्हणजे दिवसभर गाडी चालवून बॅटरी उतरवण्याचा पराक्रम आपण करतो. श्रीखंड तेवढं गार राहतं. जेवायला थांबलात, इंजिन बंद, प्लग तसाच आणि मधे रिले, म्हणजे आपोआप जोड-तोड करणारा स्विच, नसेल, तर फ्रीज ट्रकचीही बॅटरी पिऊन टाकतो. व्होल्टेज पाहून चालणारा रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. वरच्या हुशार ट्रकमध्ये मात्र तो दिवसभर जोडायलाच तयार नसतो. प्रवाह एकाच दिशेने सोडणारा डायोडवाला आयसोलेटर तर घेऊच नये, तो टोलनाक्यासारखे ०.६-०.७ व्होल्ट कापून घेतो.

मल्टिमीटर नुसता प्लगला लावून '१४ दाखवतोय' म्हणत नाचू नका. प्रवाहच नाही, तर व्होल्टेज पडेल कशाला? ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडा, साडेचार अँपिअर ओढू द्या, इंजिन चालू ठेवा आणि मग मोजा. अर्ध्या व्होल्टहून बरंच जास्त पडलं, तर प्लगच्या पात्यांवरचा हिरवा गंज आधी खरवडा. काही ट्रकमध्ये चार्जिंगच्या तारेचा फ्यूज किंवा रिले कारखान्यातून बसवलेलाच नसतो. ग्लव्ह बॉक्समधल्या पिशवीत पडून असतो. पांढरी तार तुटली असेल तर ग्राउंड, म्हणजे परतीचा प्रवाह, हिचच्या (ट्रेलर जोडायच्या) गोळ्यातून, ग्रीस आणि गंजाच्या मर्जीने जातो, आणि उजवा इंडिकेटर दिला की अख्खा ट्रेलर दिवाळीसारखा लुकलुकतो.

खरा इलाज डीसी-टू-डीसी चार्जर. तो ट्रेलरच्या बॅटरीशेजारीच बसवायचा. येईल ते व्होल्टेज चढवून देतो. पण फुकट नव्हे. २० अँपिअर १४.४ ला द्यायचे, तर चार्जरमधली तूट धरून १२ व्होल्टवर तो २७ ओढतो. बारीक तारेवर हा भार टाकू नये. पुढच्या बॅटरीपासून ६ गेजची जोडी ओढा, जाड तारा जोडायचा ५० अँपिअरचा अँडरसन प्लग घाला, आणि दोन्ही टोकांना फ्यूज, कारण बॅटरीही दोन्ही टोकांना आहे. बॅटरी लिथियमची असेल तर हा चार्जर हवाच, आणि शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करायची नाही.

चालढकल करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: ट्रेलर हिचवरून सुटला तर ब्रेकअवे स्विच याच बॅटरीवर त्याचे ब्रेक दाबतो. तेव्हा प्रवासात १२ व्होल्टवरचा फ्रीज बंद. आदल्या रात्री घरच्या विजेवर गार करून ठेवा, दार उघडू नका, आणि दर पंचवीस मैलांना ताक मागणाऱ्यांच्या हाती निघतानाच थर्मास द्या.